तिजोरीत 8 कोटी डॉलर, तरी कॉलेजला कुलूप: स्वीट ब्रायरचं प्रकरण

3 मार्च 2015 रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं स्वीट ब्रायर कॉलेज बंद करत असल्याचं त्याच्या संचालक मंडळाने जाहीर केलं. चालू सत्र पुरं होईल, पदवीदान होईल आणि ऑगस्टमध्ये कुलूप लागेल, असं अध्यक्ष जेम्स जोन्स यांनी सांगितलं. कारण दिलं ते न सुटणाऱ्या आर्थिक अडचणींचं. त्या दिवशी कॉलेजच्या एंडोमेंटमध्ये, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणग्यांतून साठलेल्या कायम निधीत, सुमारे 8.4 कोटी डॉलर होते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कुणीही विचारेल, एवढे पैसे असताना बंद कसं करता? माजी विद्यार्थिनींनी हेच विचारलं आणि त्यातून पुढचं सगळं घडलं. ही गोष्ट अमेरिकेत बहुतेकदा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते: बायका उठल्या, वर्गणी जमवली, कोर्टात गेल्या, साडेतीन महिन्यांत कॉलेज परत मिळवलं. ते खरंच आहे. पण या प्रकरणात त्याहून उपयोगी असं काही आहे, आणि ते रुक्ष कागदांमध्ये आहे. शिष्यवृत्तीचा निधी कोणत्या अटींवर खर्च होतो, पदवीसाठी काय काय पुरं करावं लागतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात कशा येतात, हे इतकं उघडं पडलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मुलामुलीला अमेरिकेतल्या अशा कॉलेजात पाठवू पाहणाऱ्या पालकांना तर ते माहीत असायलाच हवं.

कॉलेज

अ‍ॅमहर्स्ट काउंटीत, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, 3,250 एकरांचा परिसर. मुळात ही गुलामांच्या श्रमावर चाललेली शेती-मळ्याची जमीन. मालकीण इंडियाना फ्लेचर विल्यम्स यांची एकुलती मुलगी डेझी 1884 साली सोळाव्या वर्षी गेली. 1900 साली स्वतः इंडियाना वारल्या तेव्हा मुलीच्या स्मरणार्थ इथे मुलींचं विद्यालय काढावं, असं मृत्युपत्रात लिहून गेल्या. 1901 साली संस्था स्थापन झाली, 1906 साली वर्ग सुरू झाले.

लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणजे फक्त कलाशाखा नव्हे. चार वर्षांची पदवी, लहान वर्ग, एक मुख्य विषय, आणि त्याच्या जोडीला विज्ञान, इतिहास, भाषा, कला अशा सगळ्या अंगांचे ठरावीक कोर्स घेतलेच पाहिजेत असा नियम. स्वीट ब्रायरमध्ये तर इंजिनीअरिंगची मान्यताप्राप्त पदवीही होती. देशभरातल्या स्त्रियांच्या कॉलेजांत अशी पदवी देणारी दोनच, ही आणि मॅसॅच्युसेट्‌समधलं स्मिथ. फ्रान्समध्ये एक वर्ष शिकायला पाठवण्याचा 1948 पासूनचा नावाजलेला कार्यक्रम होता. घोडेस्वारी इतकी नामांकित की काही मुली स्वतःचा घोडा घेऊनच यायच्या आणि तो कॉलेजच्या तबेल्यात राहायचा. (कॉलेज बंद होण्याच्या बातमीनंतर मुलींना स्वतःबरोबर घोड्याचीही सोय बघायची होती. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण जिच्यावर ती वेळ आली तिला नाही.)

घोषणेच्या वेळी कॅंपसवर साधारण 530 मुली होत्या.

शिष्यवृत्तीचे दोन प्रकार, ज्यांचं पत्र एकच असतं

आता पैशाकडे. एंडोमेंट खर्च करायची नसते. दरवर्षी एकूण निधीच्या साधारण 4 ते 5 टक्के एवढी रक्कम तिच्या उत्पन्नातून काढायची, मुद्दल तसंच ठेवायचं, असा सर्वत्र रिवाज आहे. 8.4 कोटींचे 4.5 टक्के म्हणजे 38 लाख डॉलरच्या आसपास. 530 मुलींवर वाटले तर माणशी जेमतेम 7 हजार. आणि तेही सगळे शिष्यवृत्तीसाठी नसतात; काही प्राध्यापकांच्या नावाच्या जागांसाठी, काही ग्रंथालयासाठी, काही एखाद्या इमारतीच्या निगेसाठी.

पण मुलींना मिळणारी सूट मात्र याच्या कितीतरी पट होती. मग ती यायची कुठून? कुठूनच नाही. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजात शिष्यवृत्तीचं पत्र येतं, त्यावर छान नाव असतं, वर्षाला अमुक हजार डॉलर असं लिहिलेलं असतं. त्यातल्या काही पत्रांमागे खरोखर कुणी दिलेला निधी असतो. उरलेल्यांमागे काहीच नसतं. कॉलेज आपल्याच छापील फीमधून तेवढी रक्कम वजा करतं आणि त्या वजाबाकीला शिष्यवृत्ती म्हणतं. त्यांच्या हिशेबतपासनिसांच्या भाषेत पहिली निधीतून आलेली, दुसरी निव्वळ सवलत. घरी आलेल्या पत्रावरून मात्र दोन्हींत फरक कळत नाही, आणि कळावा अशी कॉलेजचीही इच्छा नसते.

2015 च्या सुमारास अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील फीच्या जवळजवळ निम्मी सवलत सरासरीने देत होती. स्वीट ब्रायरची सवलत या सरासरीपेक्षा बरीच वर गेली होती. म्हणजे 100 डॉलर फी छापायची आणि हातात चाळीसएक यायचे. फी वाढवली की सवलत वाढवावी लागे, नाहीतर मुली येत नसत. सवलत वाढवली की हातात येणारी रक्कम होती तिथेच राही. वीज, पगार, सव्वातीन हजार एकरांची देखभाल काही सवलतीत मिळत नाही. तूट भरायला एंडोमेंटमधून जास्त पैसे काढावे लागत होते, आणि इथेच अटी आडव्या आल्या.

कुणाचा हात किती लांब

एंडोमेंट हा एक डबा नसून शेकडो डबे असतात. अमुक बाईंनी 1950 साली दिलेले पैसे रसायनशास्त्र शिकणाऱ्या गरजू मुलीसाठी, तमुक वर्गाने पंचविसाव्या स्नेहमेळाव्याला जमवलेले पैसे संगीताच्या धड्यांसाठी, आणखी कुणाचे एका विशिष्ट राज्यातून येणाऱ्या मुलीसाठी. ज्या निधीवर कुणी अट घातलेली नाही तेवढाच व्यवस्थापनाला मनासारखा वापरता येतो. स्वीट ब्रायरच्या 8.4 कोटींचा मोठा भाग अटींनी बांधलेला होता. आडात पाणी भरपूर, पण पोहऱ्याचा दोर बहुतांशी दिवंगत माणसांच्या हातात, अशी ती गत.

या अटी सोडवायची रीत कायद्यात आहे. 2006 साली तयार झालेला आणि नंतर व्हर्जिनियासह जवळजवळ सगळ्या राज्यांनी स्वीकारलेला संस्थात्मक निधींचा एक समान कायदा आहे. दाता हयात असेल तर त्याने लेखी संमती दिली की अट सैल होते. नसेल तर कोर्टात जायचं आणि राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरलला कळवायचं. मूळ हेतू पाळणं अशक्य, निरर्थक किंवा उधळपट्टीचं झालं आहे हे पटवायचं. लहान आणि जुन्या निधींसाठी एक आखूड वाटही आहे: मूळ मसुद्यात 25 हजार डॉलरहून कमी आणि 20 वर्षांहून जुना निधी असेल तर अ‍ॅटर्नी जनरलला सूचना देऊन 60 दिवस थांबलं की पुरे, राज्यांनी ही मर्यादा आपापल्या सोयीने ठेवली. या सगळ्यात एक शहाणपण आहे, हे मान्य करायला हवं. अटी सहज सुटल्या असत्या तर पुढे कुणी पैसे दिलेच नसते. पण प्रत्येक निधीची स्वतंत्र फाइल करून हे करायचं तर त्याला वर्षं लागतात, आणि पगार महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात.

शिवाय सगळ्यात मोठी अट मृत्युपत्रातच होती. जमीन विकायची नाही, असं इंडियाना विल्यम्स लिहून गेल्या होत्या. म्हणून एवढी 3,250 एकर जमीन असूनही ती विकून निधी उभारायचा रस्ता सरळ नव्हता. त्याच मृत्युपत्रात शिक्षण गोऱ्या मुलींना द्यावं, असंही होतं. 1960 च्या दशकात कॉलेजला ही अट नकोशी झाली आणि ते कोर्टात गेलं. प्रतिवादी होते राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट बटन, कारण मृत्युपत्राचं पालन करून घेणं हे त्यांचं काम. प्रकरण 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं आणि त्याच वर्षी वर्णाची अट अमलात आणायला मनाई झाली. म्हणजे मृत दात्याची अट मोडता येते, याचा दाखला खुद्द याच कॉलेजच्या कपाटात होता. 2015 च्या मंडळाने तो वाट म्हणून पाहिला नाही, यावर माजी विद्यार्थिनींचा राग होता. मला तो राग रास्त वाटतो. मात्र एक फरक ध्यानात घ्यायला हवा: 1967 साली प्रश्न संविधानाचा होता, 2015 साली हिशेबाचा.

तिसऱ्या वर्षात असलेली मुलगी

मंडळ आणि वकील यांच्या भांडणात एक गोष्ट मागे पडते, ती इथे जवळून बघू. कागदावरचं एक उदाहरण घेऊ: तिसऱ्या वर्षातली इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी. पदवीला 120 क्रेडिट, म्हणजे कोर्स पुरे करून जमवायचे गुणांक, लागतात असं धरू, कारण अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीसाठी बहुतेक ठिकाणी साधारण तेवढेच लागतात. मे महिन्यात तिचे 90 होतील. उरले 30.

दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा नियम असा की पदवी देणाऱ्या कॉलेजातच किमान 25 टक्के क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत. 120 चे 25 टक्के म्हणजे 30. हिशेब तंतोतंत जुळतो. एक वर्ष दुसरीकडे काढलं की पदवी.

पण हा नियम किमान आहे. बऱ्याच लिबरल आर्ट्‌स कॉलेजांचा स्वतःचा नियम कडक असतो: निम्मे क्रेडिट आमच्याकडचेच हवेत. त्याहून जाचक भाग वेगळा आहे. 90 क्रेडिट मान्य करणं आणि ते कुठल्या खान्यात बसतात हे ठरवणं, या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. तुमचा इतिहासाचा कोर्स नव्या कॉलेजच्या ‘जागतिक दृष्टी’ या अटीत बसत नसेल तर तो ऐच्छिक म्हणून जमा होतो. क्रेडिट वाया जात नाहीत, पण अटही पुरी होत नाही. अशा चार-पाच कोर्सची गळती झाली की एका वर्षाची दोन वर्षं होतात. मुख्य विषयाच्या वरच्या पातळीचे कोर्स तर प्रत्येक विभागाला स्वतः शिकवायचे असतात.

स्वीट ब्रायरने होलिन्स, रॅंडॉल्फ, मेरी बाल्डविन आणि लिंचबर्ग या जवळपासच्या चार कॉलेजांशी मुलींना सामावून घेण्याचे करार केले होते, आणि अशा करारांत हे नियम बरेच सैल केले जातात. ते करणं योग्यच होतं. पण होलिन्स आणि मेरी बाल्डविन ही तेव्हा स्त्रियांची कॉलेजं, आणि स्त्रियांच्या कॉलेजांत मान्यताप्राप्त इंजिनीअरिंग स्वीट ब्रायरखेरीज फक्त स्मिथमध्ये होतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीला मुलींच्या कॉलेजातच राहायचं असेल तर विषय बदलायचा, विषय सोडायचा नसेल तर मुलींचं कॉलेज सोडायचं. तिसऱ्या वर्षी.

आता तिच्या शिष्यवृत्तीचं काय? कॉलेजने दिलेली, मग ती निधीतून असो वा निव्वळ सवलत, कॉलेजपाशीच संपते. निधीचे कागद सांगतात की पैसे स्वीट ब्रायरच्या विद्यार्थिनीसाठी आहेत. सवलत तर दुसऱ्या कॉलेजच्या फीवर लागूच कशी व्हावी. मुलीबरोबर जातं ते सरकारी: गरजूंसाठीचं केंद्र सरकारचं पेल अनुदान, आणि ती व्हर्जिनियाची रहिवासी असेल तर राज्यातल्या खासगी कॉलेजांत चालणारं राज्याचं अनुदान. पेललाही एकूण 12 सत्रांची मर्यादा आहे. कॉलेजांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या सहसा 8 सत्रांपुरत्या. ज्या मुलीचं वर्ष वाढतं तिच्या वाढलेल्या दोन सत्रांवर कुणाचंच छत्र नसतं. बदलीने येणाऱ्यांसाठीच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या आधीच कमी, आणि मार्चपर्यंत त्यांचं वाटप बऱ्याच ठिकाणी होत आलेलं असतं.

यात कर्जाचा एक विचित्र नियम येतो. कॉलेज बंद पडल्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलं तर केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज माफ होऊ शकतं. पण तेच क्रेडिट दुसरीकडे नेऊन तसाच अभ्यासक्रम पुरा केला तर त्या वेळच्या नियमांनुसार माफी नाही. म्हणजे तीन वर्षांचा अभ्यास टाकून दिला तर कर्ज सुटतं, अभ्यास वाचवला तर कर्ज राहतं. एकवीस वर्षांच्या मुलीने हे गणित काही आठवड्यांत सोडवावं, अशी अपेक्षा होती.

कोर्ट

हा भाग पुष्कळांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. मार्चच्या अखेरीस अ‍ॅमहर्स्ट काउंटीच्या वकील एलेन बाउयर यांनी राज्याच्या वतीने दावा लावला: मृत्युपत्राने विश्वस्त निधी निर्माण केला आहे, तो मंडळाला असा गुंडाळता येणार नाही, आणि कॉलेज चालवण्यासाठी म्हणून मागितलेल्या देणग्या कॉलेज बंद करण्यासाठी वापरता येणार नाहीत. एप्रिलमध्ये न्यायाधीश जेम्स अपडाइक यांनी दुसऱ्या मुद्द्यावर 60 दिवसांची मनाई दिली, पहिल्या मुद्द्यावर दिली नाही, कारण कॉलेज ही कॉर्पोरेशन आहे, विश्वस्त संस्था नव्हे. 9 जूनला व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कॉर्पोरेशनला विश्वस्तांचा कायदा लागूच होत नाही हे म्हणणं चूक आहे, आणि प्रकरण खाली परत पाठवलं.

यानंतर तडजोडीला वेळ लागला नाही. अ‍ॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी मध्यस्थी केली आणि 22 जूनला कोर्टाने ती मान्य केली. माजी विद्यार्थिनींच्या संघटनेने 1.2 कोटी डॉलर आणायचे, त्यातले 25 लाख जुलैच्या सुरुवातीलाच. जुनं मंडळ बहुतांशी पायउतार होणार, नवे अध्यक्ष फिलिप स्टोन येणार. आणि अ‍ॅटर्नी जनरल एंडोमेंटमधल्या 1.6 कोटी डॉलरवरच्या अटी उठवायला संमती देणार.

वर्तमानपत्रांनी 1.2 कोटींचा मथळा केला. माझ्या मते प्रकरणाची किल्ली त्या 1.6 कोटींत आहे. देणगीपेक्षा मोठी रक्कम कॉलेजच्या स्वतःच्याच तिजोरीतून आली, फक्त दोर सोडल्यामुळे. सरकारी खात्याच्या एका संमतीने जे जूनमध्ये झालं ते मार्चपूर्वी मागून पाहायला काय हरकत होती, याचं समाधानकारक उत्तर मंडळाकडून मिळालं नाही. बहुधा त्यांचं मत असं झालं होतं की अटी सुटल्या तरी तूट तशीच राहील आणि तीन-चार वर्षांत पुन्हा इथेच येऊ. हा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. ऑगस्टअखेर कॉलेज उघडलं तेव्हा मुलींची संख्या निम्म्याखाली आली होती.

2017: किंमत आणि पदवी एकदम

मेरेडिथ वू 2017 च्या मे महिन्यात अध्यक्ष झाल्या आणि सप्टेंबरात त्यांनी दोन निर्णय एकत्र जाहीर केले. छापील खर्च, राहण्या-जेवणासह, सुमारे 50 हजारांवरून 34 हजार डॉलर: 21 हजार शिकवणी, 13 हजार निवास-भोजन. आणि पदवीच्या सामान्य अटी बदलून 10 कोर्सचा एक समान गाभा, स्त्रियांच्या नेतृत्वाच्या सूत्रावर बांधलेला. जुने विभाग मोडून तीन केंद्रं केली: एक इंजिनीअरिंग-विज्ञानाचं, एक पर्यावरण-शाश्वततेचं, एक कला-रचनेचं. वर्षाची घडी 3-12-12-3 आठवड्यांची झाली, म्हणजे दोन नेहमीची सत्रं आणि दोन्ही टोकांना तीन-तीन आठवड्यांची छोटी, ज्यात एकच कोर्स, प्रकल्प, कामाचा अनुभव किंवा परदेशवारी.

फी कमी केली एवढंच वाचलं तर ही जाहिरातबाजी वाटते. गणित बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत: छापील शिकवणी 36 हजार असताना 60 टक्के सवलत दिली तर हातात 14,400 येतात. छापील 21 हजार करून सवलत 30 टक्क्यांवर आणली तर 14,700. कॉलेजच्या मिळकतीत ढिम्म फरक नाही. मग साधलं काय?

एक तर, 50 हजारांचा आकडा पाहून अर्जच न करणाऱ्या घरांना दार उघडं दिसलं. दुसरं, आणि हे कमी बोललं जातं, खऱ्या निधीचं वजन वाढलं. एखाद्या दात्याचा निधी मुलीला वर्षाला 12 हजार देत असेल तर 36 हजारांपुढे तो तिसरा हिस्सा होता. 21 हजारांपुढे तो निम्म्याहून जास्त झाला. पूर्ण शिकवणी देणारा निधी असेल तर त्याच पैशात जास्त मुली बसतात. 2018-19 साली पेल अनुदान कमाल 6,095 डॉलर होतं: 36 हजारांचा सहावा हिस्सा, 21 हजारांचा जवळजवळ तिसरा. वजाबाकीला शिष्यवृत्ती म्हणण्याचा खेळ आखडला आणि ज्या पत्रामागे खरे पैसे आहेत त्याची किंमत वर आली. नुकसान एकच: मोठ्या रकमेचं पत्र फ्रेम करून लावायची हौस असलेल्या घरांना 20 हजारांऐवजी 6 हजारांचं पत्र रुचत नाही. ही हौस खरी असते. अशी फीकपात केलेल्या कॉलेजांना तिचा त्रास होतो.

पदवीच्या अटींचंही असंच. जुनी पद्धत ‘प्रत्येक अंगातून काहीतरी घ्या’ अशी असते. मोठ्या विद्यापीठात ती चालते. तीनशे मुलींच्या कॉलेजात मात्र प्रत्येक अंगात दोन-चार पर्याय ठेवायचे तर सहा-सात मुलींचे वर्ग चालवावे लागतात. पदवीची अट म्हणजे एखाद्या विभागाला मिळालेली विद्यार्थ्यांची हमीच. म्हणून ती काढायला कुठलाच विभाग राजी नसतो, आणि अटींची यादी फक्त वाढत जाते. 10 समान कोर्स केले की प्रत्येक वर्ग भरतो, कोणी कुठला विषय शिकवला तरी चालतो, आणि मुलीला चार वर्षांत पदवी मिळण्याची खात्री वाढते. ती चार वर्षांत बाहेर पडली की तिची 8 सत्रांची शिष्यवृत्तीही पुरते. किंमत आणि पदवी एकत्र बदलण्यामागचा हा धागा जाहीरनाम्यात नव्हता, पण हिशेबात होता.

फुकट काहीच झालं नाही. काही मुख्य विषय बंद झाले, प्राध्यापकांच्या जागा गेल्या. आधीपासून शिकणाऱ्या मुलींचं प्रकरण वेगळंच: अमेरिकेत विद्यार्थी ज्या वर्षी प्रवेश घेतो त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतल्या अटी त्याच्यासाठी शेवटपर्यंत चालतात, असा रिवाज आहे. म्हणून बदलाच्या काळात कॉलेजला जुन्या आणि नव्या अटी शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. काटकसरीसाठी केलेला बदल पहिली दोन-तीन वर्षं खर्च वाढवतो. जुन्या अटीतला कोर्स बंद झाला की त्याला पर्याय कोणता, हे सल्लागार प्राध्यापकाने प्रत्येक मुलीसाठी कागदावर लिहून द्यायचं, कुलसचिवांच्या कचेरीने तिच्या नोंदीत चढवायचं. हे काम कोणाच्या बातमीत येत नाही आणि सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

उरलेले डबे

विषय बंद झाला की त्या विषयासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीचं काय होतं? निधी जिवंत असतो, उत्पन्न जमत राहतं, घेणारी मुलगी मात्र नसते. असे पोरके निधी प्रत्येक जुन्या कॉलेजात असतात. शहाणी कॉलेजं आता निधी स्वीकारतानाच करारात एक वाक्य घालून घेतात: हा विषय पुढे शिकवला जात नसेल तर मंडळाने मूळ हेतूच्या सर्वांत जवळच्या कामासाठी पैसे वापरावेत. 1950 साली हे वाक्य सहसा कुणी घालत नसे. दात्यालाही वाटायचं, रसायनशास्त्र कुठे जाणार आहे.

उठवलेल्या 1.6 कोटींचीही दुसरी बाजू आहे. ते खर्चायला मिळाले, पण खर्चले की त्यांचं उत्पन्न थांबतं. 5 टक्क्यांनी धरलं तर वर्षाला 8 लाख डॉलर. 34 हजारांच्या नव्या खर्चाने तेवीस मुलींचा संपूर्ण वर्षाचा भार. ते सगळे पैसे शिष्यवृत्तीचेच होते असं नाही, पण कुठल्या तरी कामाचे होते, आणि ते काम आता दरवर्षी नव्याने जमवलेल्या देणगीवर चालतं. म्हणून या कॉलेजात माजी विद्यार्थिनींची वार्षिक देणगी ही भावनिक बाब उरलेली नाही. तो अंदाजपत्रकातला रकाना आहे. कायम निधीची जागा कायम वर्गणीने घेतली. वर्गणी देणाऱ्यांचं सरासरी वय वाढतंय, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुकड्या पूर्वीपेक्षा लहान आहेत, आणि हा रकाना भरत राहील का, हा प्रश्न 2015 मध्ये होता त्याहून आज सोपा झालेला नाही.

आणि मृत्युपत्र अजून बोलतंच आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये मंडळाने प्रवेशाचं धोरण बदललं: जन्मतः स्त्री म्हणून नोंद असलेल्या आणि स्त्री म्हणून जगणाऱ्यांनाच प्रवेश. आधार दिला इंडियाना विल्यम्स यांच्या ‘मुली आणि तरुण स्त्रिया’ या शब्दांचा, त्यांच्या काळी जो अर्थ होता तो धरून. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थिनींच्या संघटनेने विरोध केला. एका बाजूचं म्हणणं, कॉलेज वाचलं तेच या कागदाच्या बळावर, तो आता सोयीने वाचता येणार नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, यातलाच ‘गोऱ्या’ हा शब्द 1967 साली काढून टाकलेला आहे. दोघीही एकाच कपाटातले कागद दाखवतात.